चार बुधवारांचे एकशेसाठ रुपये

आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला रस्त्यात भेटणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखे वाटतात. चेहरा ओळखीचा, पण कोण ते आठवत नाही. आठवीतून शाळा सोडली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. चुका झाल्या तर पोटात घाला.

तसं बघायला गेलं तर या गोष्टीला भारी शब्द लागतच नाहीत. एक माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं कसं फासतो, एवढंच सांगायचं आहे. तुम्ही चहा घ्या. तो संपेपर्यंत माझी अब्रू पण संपेल.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. तोंडवलीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका माणसाने आठ खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं होतं. तिथे पाहुण्यांच्या कपबश्या उचलायची मला माझी पहिली नोकरी लागली. सकाळी सात ते दुपारी बारा. बाराला सुटलो की मी आमच्या रापणीवर.

रापण माहीत आहे ना? समुद्रात लांबच लांब जाळं होडीने अर्धगोल टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायची. मासळी आली की वाळूवर वाटे पडतात. प्रत्येकाचा एक ढीग. पगार, पावती, सही असलं काही नाही. पाकिटातून पैसे मिळतात हे मी ऐकून होतो, पण आमच्या घरात तोवर पाकीट आलं होतं ते फक्त लग्नाच्या आहेराचं. तेही रिकामं, परत वापरायला ठेवलेलं.

नोकरी लावली परब साहेबांनी. ते तिथले मॅनेजर. गाव मसुरे, म्हणजे आपलाच माणूस, पण ऑफिसात खुर्चीवर बसले की पुस्तकासारखं बोलायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "महिना बाराशे. बुधवारी सुट्टी. सुट्टी भरपगारी. काही विचारायचं आहे?"

मी मान हलवली.

आता हे माझं मान हलवणं काय आहे ते सांगतो. मी लाजरा माणूस. कोणी खुर्चीवरून बोललं की माझ्या कानात समुद्र भरतो. काय चाललंय ते कळत नाही, मग मी मान हलवतो. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते समोरच्याने ठरवायचं.

महिना संपला. एक तारखेला बाकीच्यांना पगार दुपारी चारला, मालकांच्या हातून मिळणार होता. माझी नोकरी बारालाच संपते, म्हणून साहेबांनी माझं पाकीट मला बारालाच दिलं. खाकी पाकीट. वर पेन्सिलीने माझं नाव.

मी ते शर्टाच्या आत, पोटाला लावून घरी आणलं. वाटेत तीनदा हात लावून बघितलं. अहो, पुळणीतून चालताना एरवी माझे पाय रुततात, त्या दिवशी रुतले नाहीत.

आये पडवीत बसून बांगडे साफ करत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले, पाकीट आधी देवाकडे ठेवलं आणि मग म्हणाली, "मोज."

मी मोजले. एक हजार चाळीस.

"परत मोज."

परत एक हजार चाळीस.

"बाराशे सांगलेले ना?"

"बाराशे."

"मगे?"

मगे काय! मी पाकीट उलटं केलं. झटकलं. आत बोट घालून बघितलं. आयेने तर ते उजेडाला धरलं, जसं काही एकशेसाठ रुपये कागदाला चिकटून बसले असतील.

तेवढ्यात शेजारचे दाजी आले. दाजी म्हणजे रिटायर्ड कंडक्टर. आमच्या वाडीत हिशोबाचा काही घोळ झाला की शेवटचा शब्द दाजींचा. पगाराचं पाकीट म्हटल्यावर त्यांनी चश्मा लावला, मांडी घातली आणि मला कालनिर्णयच्या गेल्या महिन्याच्या पानामागे गणित मांडायला बसवलं.

"बाराशे भागिले तीस, किती?"

मला घाम फुटला. आठवीच्या वर्गात फुटायचा तोच.

"चाळीस रे, चाळीस! आता कमी किती आसत?"

"एकशेसाठ."

"एकशेसाठ भागिले चाळीस?"

मी बोटं मोजली. "चार."

"चार दिवस! महिन्यात बुधवार किती इले?"

मी पान उलटून बघितलं. बुधवार चार.

दाजींनी पेन्सिल जमिनीवर आपटली. "घे! तुझे बुधवार कापल्यान! भरपगारी म्हणान सांगल्यान आणि गुपचूप कापल्यान. अरे, वीस वर्सा तिकिटा फाडलंय मी, माका शिकवतत?"

खरं सांगतो, मला राग यायच्या आधी आनंद झाला. का माहीत आहे? गणित सुटलं होतं! एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. मास्तरांनी ज्याला 'तुझ्या डोक्यात नुसती वाळू' म्हटलं होतं, त्याने साहेबाची चोरी पकडली होती.

राग नंतर आला. आयेने आणला.

"शाळा सोडलेलो बघून गंडवल्यानी तुका," ती म्हणाली. "तेंका वाटला, ह्येका खंय हिशोब येता!"

हे मात्र लागलं. एकशेसाठ रुपये गेले तर गेले, पण अडाणी बघून घेतले? शाळा सोडल्यापासून मला तीच एक भीती होती. जन्मभर लोक आपल्याला असंच मोजणार आणि आपण मान हलवत बसणार.

"मी साहेबांका बाजूक घेवन इचारतंय," मी म्हटलं.

"बाजूक कित्याक? रापणीर बाजूक घेवन इचारतत? वाटो कमी दिसलो तर थंयच बोलायचा, चार माणसांसमोर. मागसून कुरकुरता तो माणूस न्हय."

आयेचं बरोबर होतं. आमच्या रापणीचा नियमच आहे तो. वाटे पडले आणि कोणाला आपला ढीग कमी वाटला, तर त्याने मोठ्याने म्हणायचं, "वाटे मोडा!" मग कोणी काही विचारत नाही. सगळ्यांनी आपापला वाटा परत ढिगात टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाटणी. कोणी रागावत नाही, कोणाचा अपमान होत नाही. म्हातारा असो, पोर असो, शब्द उच्चारला की वाटे मोडलेच.

आलं का लक्षात मी काय करणार होतो ते?

चार वाजता मी धुतलेला शर्ट घालून रिसॉर्टवर हजर. ओसरीवर टेबल मांडलेलं. मालक खुर्चीवर. मुंबईत त्यांचा छपाईचा धंदा, पण कोकणाची हौस दांडगी. घावणे कसे करतात, होडीला काय लावतात, सगळं विचारून वहीत लिहून घ्यायचे. बाजूला परब साहेब हजेरीचं रजिस्टर घेऊन उभे. समोर आचारी अण्णा, खोल्या झाडणारा बाबी आणि शेवंताकाकी.

शेवंताकाकी म्हणजे स्वयंपाकघरातलं निम्मं काम. मासळी साफ करणं, खोबऱ्याचं वाटप वाटणं, भाकऱ्या. आमच्याच वाडीतल्या. मला पहिल्या दिवशी कप कसे धरायचे ते त्यांनीच शिकवलं होतं, "चार बोटात चार, मेल्या. मासळी हा काय ती, मिठी मारून धरतंस?"

मालकांनी आपण सगळे एक कुटुंब आहोत असं छोटंसं भाषण केलं. एकेकाला पाकीट दिलं. टाळ्या झाल्या. मी खांबाला टेकून उभा होतो. मला बघून बाबी म्हणाला, "तू कित्या इलंस? तुका मेळला मा?"

मी श्वास भरून घेत होतो.

लाजऱ्या माणसाला दोनच आवाज असतात. एक बाहेर येत नाही तो, आणि दुसरा वाऱ्यावर ओरडायचा. मधला नसतो. मी दुसरा काढला.

"वाटे मोडा!"

छपरावरचा कावळा उडाला हो! मालकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

आणि गंमत बघा. शेवंताकाकींनी क्षणाचाही विचार न करता आपलं पाकीट टेबलावर ठेवलं. जन्मभराची सवय. तो शब्द ऐकला की किनाऱ्यावरच्या माणसाचा हात आपोआप उघडतो. त्यांचं बघून अण्णांनी ठेवलं. मी माझं ठेवलं. बाबी मात्र ठेवेना. तो माझ्याजवळ सरकला आणि त्याने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

मला वाटलं, शाबासकी!

"हे काय चाललंय? संप आहे का?" मालक उठले.

"नाही, नाही साहेब," परब साहेब घाईघाईने म्हणाले, "पोरगा नवीन आहे. ही इकडची एक पद्धत आहे, रापणीवरची... मी नंतर समजावतो." आणि खोकले.

पद्धत म्हटल्यावर मालकांचे डोळे चमकले! त्यांनी वही काढली. मला शेजारी बोलावून सगळा नियम विचारून घेतला. मी सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरचा माणूस माझं बोलणं लिहून घेत होता. मी फुगलो.

"वा! काय सुंदर पद्धत! पाहुण्यांना सांगायला हवी. मग होऊन जाऊ दे! मीच मोजतो. परब, ते रजिस्टर द्या इकडे."

परब साहेब पुन्हा खोकले. मी मनात म्हटलं, खोका, खोका. चोराच्याच घशात खवखवतं.

आधी माझं पाकीट. रजिस्टरात बाराशे, पाकिटात एक हजार चाळीस.

"अरे, खरंच एकशेसाठ कमी!" मालक म्हणाले.

मी छाती काढून सगळ्यांकडे बघितलं. बाबी आकाशाकडे बघत होता.

मग अण्णांचं. रजिस्टरात तीन हजार, पाकिटात दोन हजार आठशे चाळीस. पुन्हा एकशेसाठ कमी! बाबीचं पाकीट मालकांनी मागून घेतलं. त्यातही एकशेसाठ कमी!

माझं डोकं सणकलं. म्हणजे सगळ्यांनाच लुटलंय! आणि हे दोघे नंदीबैल गप्प! मी एकटा निघालो हिशोबाचा. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर मी सरपंचाच्या निवडणुकीला उभा राहिलो असतो.

शेवटी शेवंताकाकींचं पाकीट. मालकांनी मोजले, थांबले, रजिस्टर बघितलं, पुन्हा मोजले.

"यांची हजेरी एकोणीस दिवस. रोज साठ. म्हणजे अकराशे चाळीस. आणि पाकिटात अठराशे? सहाशे साठ जास्त? परब, हे काय आहे?"

परब साहेब हळूच म्हणाले, "साहेब, हे मी तुम्हाला आत येऊन सांगतो."

आणि इथे, मंडळी, मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शौर्य केलं.

"आत नाय!" मी ओरडलो. "हयच सांगा! सगळ्यांसमोर!"

बाबीने पुन्हा पायावर पाय दिला. आता नख उलटलं. तरी मला कळलं नाही.

परब साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग शेवंताकाकींकडे. मग ते ऑफिसचं बोलणं सोडून, मान खाली घालून, आमच्या भाषेत बोलायला लागले.

"काकीचो घोव हॉस्पिटलात होतो. अकरा दिवस. अकरा दिवसांचो पगार गेल्यार घर कसा चालतला? म्हणान आमी चौघांनी एकशेसाठ, एकशेसाठ काढल्यांव. सहाशे चाळीस झाले. वयले वीस मी घातलंय."

"आणि तुका मी इचारलेलंय रे," ते माझ्याकडे वळले. "तू कपबश्यो घेवन चल्लेलंस. इचारलंय, काकीसाठी सगळे एकशेसाठ काढतत, तुझा काय म्हणणा? तू मान हलवलंस."

आठवलं. कशाला आठवलं असं झालं, पण आठवलं. चार बोटात चार कप, खुर्चीवरून काहीतरी आवाज, कानात समुद्र, आणि माझी मान. वर-खाली.

बुधवारांचा काही संबंधच नव्हता.

पण अजून संपलेलं नाही. मालक बिचारे गोंधळून म्हणाले, "अच्छा! मग या बाई सकाळी मला कोकमाच्या आगळाची बाटली देऊन गेल्या, पाया पडल्या, ते कशासाठी? मला वाटलं, ही पण इकडची पद्धत."

शेवंताकाकींनी परब साहेबांना विचारलं, "तुमी सांगलास, मालकांनी भरपगारी सुट्टी दिल्यानी."

परब साहेब पुन्हा खोकले.

"म्हणजे मालकांनी दिल्यानी नाय?"

आता हे तुम्हाला कसं समजावू? आमच्या रापणीवर कोणी आजारी पडला तरी त्याचा वाटा पडतो. तो कोणीतरी संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन देतो. देताना एवढंच म्हणायचं, 'आज मासळी बरी गावली.' बस. कोणाच्या ढिगातून किती काढलं हे बोलायचं नाही. आजाऱ्याने विचारायचं नाही. बोललं तर ती भीक होते. नाही बोललं तर तो वाटा असतो.

परब साहेबांनी मालकाचं नाव पुढे करून तेच केलं होतं. आणि रापणीचा नियम शिकवायला गेलेल्या मी, रापणीवाल्याने, ते टेबलावर मांडून, मोजून, मुंबईच्या माणसाकडून वहीत लिहून घेतलं होतं.

शेवंताकाकींनी पाकीट ओढून घेतलं. त्यातले सहाशे साठ वेगळे काढले. बोटाला थुंकी लावून, एकेक नोट. आमच्यासमोर ठेवले.

"काकी, ऱ्हवांदे गो," बाबी म्हणाला.

"नको रे. माका काय म्हायत होता..."

मालकांनी खिशात हात घातला. "हे बघा, सहाशे साठ माझ्याकडून घ्या. आनंदाने देतो."

"आता नको, साहेब," काकी म्हणाल्या. "आता सगळ्यांक म्हायत झाला."

आणि पदर खोचून निघून गेल्या. आगळाची बाटली टेबलावर तशीच. ती काही त्यांनी परत मागितली नाही.

मालकांनी माझे एकशेसाठ माझ्या हातावर ठेवले. मग पाठीवर थाप मारली. त्यांना वाईट वाटत होतं, पण काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "गणित मात्र पक्कं आहे हं तुझं!"

ऐकलंत? आठवीपर्यंत एकही मास्तर हे म्हणाला नव्हता.

परब साहेबांनी रजिस्टर मिटलं. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. ते फक्त पुस्तकासारखं म्हणाले, "उद्या सातला ये."

घरी दाजी वाटच बघत होते. "काय? गावले बुधवार?"

"गावले," मी म्हटलं आणि बाराशे आयेच्या हातात दिले. पूर्ण बाराशे. दाजींनी माझ्या पाठीवर दुसरी थाप मारली. त्या दिवशी माझी पाठ एवढ्या थापांनी दुखली की मी जेवलोच नाही. आयेला सगळं सांगितलं. तिने फक्त बाराशेतून एकशेसाठ बाजूला काढले आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले. "सकाळी जा," एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, सहा वाजता मी शेवंताकाकींच्या दारात. हॉस्पिटलातून आलेले काका ओसरीवर गोधडी घेऊन बसले होते. काकी आंगणात सडा घालत होत्या. मला वाटलं, ती बालदी आता माझ्या अंगावर येणार. मला ते चाललं असतं.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. चाय घेतलंस?"

मी मान हलवली. मग घाबरून तोंडाने बोललो, "नाय घेवक, काकी." खिशातले पैसे काढून पुढे धरले.

"ते ठेव तुझ्याकडे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आत गेल्या. चहा आणला, आणि बरोबर एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत हॉस्पिटलच्या आणि मेडिकलच्या पावत्या. एक मोठा गठ्ठा. चुरगळलेल्या, एकावर हळदीचं बोट.

"माका वाचूक येणा नाय," त्या म्हणाल्या. "तुका हिशोब बरो येता. ह्यो जरा बघ. एकूण अडीच हजार सांगल्यानी. खंय जास्त लावल्यानी काय?"

टोमणा होता की खरंच विचारत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. काकी सडा घालायला परत वळल्या होत्या.

मी कानावर ठेवलेली पेन्सिल काढली आणि एका पावतीच्या मागे सगळे आकडे एकाखाली एक लिहिले. बेरीज केली. मग खालून वर केली. मग बोटांवर केली. कुठेतरी दहा रुपये, पाच रुपये, एखादं शून्य जास्तीचं, काहीतरी सापडावं म्हणून डोळे फाडून बघितलं. चहावर साय आली.

तीनदा केली हो बेरीज. एका रुपयाचीसुद्धा चूक निघाली नाही.